न पिणाऱ्याचं लिव्हर

डिसेंबरात घरी नाताळची साफसफाई चालली होती. मी स्टुलावर चढून पंखा पुसत होते आणि मम्मी कपाटातले कागद काढून झटकत होती. विम्याच्या कागदांखाली तिला एक लिफाफा सापडला. ऑगस्टमध्ये पप्पांच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट होता तो. सोनोग्राफीच्या पानावर शेवटी ठळक अक्षरांत एकच ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड १.

मम्मीने ती ओळ दोनदा वाचली आणि लिफाफा होता तिथे ठेवून दिला. बोलली काहीच नाही. पण त्या संध्याकाळी पप्पा ऑफिसातून यायच्या आधी ती माळ्यावर चढली, तांदळाच्या डब्यामागे हात घालून बघितलं, पप्पांच्या बॅगेचे सगळे कप्पे उघडले. काय शोधतेस असं मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. खरं सांगायचं तर पप्पा आल्यावर त्यांच्या हातातून डबा घेताना मीसुद्धा वास घेतला.

यामागे एक कारण आहे. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी जालन्याहून सिकंदराबादला आले. ते प्यायचे. शेवटी त्यांच्या पोटात पाणी झालं आणि त्यातच ते गेले. तेव्हा पप्पा कॉलेजात होते. त्यांनी त्यानंतर कधी ग्लासाला हात लावला नाही, लग्नात नाही, नाताळच्या टेबलावरही नाही. ‘ख्रिस्ती घर म्हणजे बाटली असणारच’ असं समजणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. मलाही वर्गात दर डिसेंबरला कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुमच्याकडे वाइन असेल ना?’ अशा घरात न पिणाऱ्या माणसाला लिव्हरचा रिपोर्ट आला, तर तो काय करणार? पप्पांनी तो चार महिने लपवून ठेवला.

शेवटी मम्मीने विचारलंच, ‘अहो, खरं सांगा, परत सुरू केलंत का?’ पप्पा म्हणाले, ‘परत म्हणजे? सुरू कधी केलं होतं? तुम्ही हेच विचारणार हे माहीत होतं, म्हणूनच दाखवला नाही.’

मी साहित्याची विद्यार्थिनी, डॉक्टर नव्हे. पण त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी या आजाराबद्दल जमेल तेवढं वाचलं, पप्पांबरोबर डॉक्टरांकडे गेले, प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या घरात असा एखादा लिफाफा असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

काळीज म्हणजे काय?

मराठीत ‘काळीज’ म्हटलं की आपला हात छातीकडे जातो. काळीज तुटतं, काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो. पण मटणवाल्याकडे जाऊन काळीज मागा, तो बरोबर यकृतच तोलून देतो. भावनेच्या भाषेत आपण काळजाला हृदय करून टाकलं आणि खरं काळीज, म्हणजे उजव्या बरगड्यांखाली असलेलं लिव्हर, विसरून गेलो. ते आठवतं ते फक्त कुणाला कावीळ झाली किंवा कुणी दारूने गेलं की.

लिव्हर हा शरीरातला सर्वांत मोठा अंतर्गत अवयव आहे. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण दीड किलो असतं. जेवणातून आलेली साखर ते साठवतं आणि लागेल तशी रक्तात सोडतं. चरबी पचवायला लागणारं पित्त तिथेच तयार होतं. रक्त गोठवणारे घटक तिथे बनतात आणि औषधं असोत की दारू, त्यांचा निचराही तिथेच होतो. एवढी कामं करूनही ते दुखत नाही, कुरकुरत नाही. त्यामुळेच त्याचं बिघडणं कुणाच्या लक्षात येत नाही.

निरोगी लिव्हरमध्ये चरबी अगदी थोडी असते. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसू लागले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

तूप खाल्लं नाही, तरी चरबी कुठून आली?

पप्पांचा पहिला प्रश्न हाच होता. ‘मी तळलेलं फारसं खात नाही. तूप तर नाहीच.’ डॉक्टर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ‘चहा किती वेळा?’

फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या लिव्हरमधली चरबी येते कुठून, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. त्यातली सुमारे ६० टक्के चरबी शरीराच्या स्वतःच्या साठ्यातून, मुख्यतः पोटाच्या घेरातून, रक्तात उतरून लिव्हरमध्ये आलेली असते. सुमारे २५ टक्के चरबी लिव्हर स्वतःच तयार करतं, आणि तीही साखर आणि पिठूळ पदार्थांपासून. जेवणातल्या तेला-तुपातून थेट येणारी चरबी फक्त १५ टक्क्यांच्या आसपास असते.

हे का होतं, ते समजायला इन्सुलिन समजून घ्यावं लागतं. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते, तेव्हा इन्सुलिन स्नायूंना सांगतं की साखर आत घ्या आणि चरबीच्या साठ्याला सांगतं की आता तुमची चरबी बाहेर सोडू नका. माणूस वर्षानुवर्षं बसून राहिला, पोट सुटलं, की हा निरोप नीट ऐकला जात नाही. स्नायू साखर घेत नाहीत, ती लिव्हरकडे वळते. चरबीचा साठाही दार बंद ठेवत नाही, मग ती चरबीसुद्धा लिव्हरकडेच येते. दोन्हीकडून आलेला माल ठेवायचा कुठे? लिव्हर तो स्वतःच्या पेशींत भरत जातं. इन्सुलिनचा निरोप न ऐकण्याची हीच सवय पुढे मधुमेहाकडे नेते. म्हणून फॅटी लिव्हर, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार ही मंडळी बऱ्याचदा एकाच घरात नांदतात.

आता पप्पांच्या चहाचा हिशेब. ऑफिसात तीन, घरी दोन, असे दिवसाला पाच कप. इराणी चहा आधीच गोड, घरच्या चहातही दोन-दोन चमचे. म्हणजे दिवसाला दहा चमचे, सुमारे ४० ते ५० ग्रॅम साखर, उस्मानिया बिस्किटं सोडून. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. पप्पा नुसत्या चहातूनच त्याच्या जवळजवळ दुप्पट साखर घेत होते आणि स्वतःला ‘गोड न खाणारा’ समजत होते.

नावातच ‘दारू’

या आजाराच्या नावाचा इतिहास मला साहित्याच्या अंगाने फार बोलका वाटला. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉक्टर युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांचं लिव्हर अगदी दारुड्याच्या लिव्हरसारखं दिसत होतं. पण ते पीत नव्हते. या प्रकाराला नावच नव्हतं, म्हणून लुडविग यांनी ‘नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपॅटायटिस’ असं नाव दिलं. स्टिॲटो म्हणजे चरबी, हेपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज. पुढे या सगळ्या कुटुंबालाच ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हणू लागले.

गंमत बघा. दारूमुळे झालेला नाही हे सांगण्यासाठी ठेवलेल्या नावातही दारू आलीच! आजार काय आहे ते नाव सांगत नव्हतं, काय नाही एवढंच सांगत होतं. शेवटी २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ते बदललं. आता त्याला ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टिॲटॉटिक लिव्हर डिसीज’, थोडक्यात ‘एमएएसएलडी’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर चयापचय बिघडल्यामुळे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. ‘फॅटी’ हा शब्दही काढला, कारण तो रुग्णाला टोचतो. सध्याच्या व्याख्येत लिव्हरमधल्या चरबीबरोबर वाढलेलं वजन किंवा कमरेचा घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स आणि चांगलं कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट बिघडलेली असावी लागते.

याचा अर्थ दारू निर्दोष आहे असा मुळीच नाही. दारूने लिव्हर खराब होतं, माझ्या आजोबांचं झालं. आणि ज्याला आधीच चरबी आहे त्याने प्यायली तर दोन्ही कारणं एकमेकांना मदत करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘पितोस का?’ हा प्रश्न विचारावा, पण तो एकटाच विचारू नये. उत्तर ‘नाही’ आलं की आपण एक तर संशय घेतो, नाही तर निर्धास्त होतो. दोन्हीकडे नुकसानच आहे.

‘अंगाने तर ठीकच आहेत’

पप्पांकडे बघून कुणी त्यांना लठ्ठ म्हणणार नाही. उंची १६८ सेंटिमीटर, वजन तेव्हा ७६ किलो. हातपाय बारीक, फक्त शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. मम्मीच्या भाषेत ‘खात्यापित्या घरचं पोट’.

या पोटाची गोष्ट समजायला पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण सगळ्यांत सोपं आहे. केईएम रुग्णालयात मधुमेहावर संशोधन करणारे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर जुळे, आतून वेगळे. भारतीय माणसात त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त असते आणि ती पोटाभोवती, आतल्या अवयवांजवळ साठते.

म्हणूनच आपल्यासाठी मोजपट्टी वेगळी आहे. भारतीय प्रौढांसाठी २३ च्या वरचा बीएमआय जास्त वजन आणि २५ च्या वरचा लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ओलांडला की सावध व्हायचं. पप्पांचा बीएमआय २७ च्या आसपास निघाला. मम्मीच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून कंबर मोजली : ९७. पँटचा नंबर ३४ आहे म्हणून कंबर ३४ इंच, असं ते समजत होते. पण पँट पोटाखाली बांधली जाते. घेर मोजायचा तो सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

पुरुषांना हा धोका जास्त का? पाळी जाईपर्यंत बायकांना इस्ट्रोजेनचं बरंचसं संरक्षण असतं आणि त्यांची चरबी मांड्या-नितंबांवर जास्त साठते. पुरुषांची थेट पोटात जाते. पाळी गेल्यावर मात्र बायकाही त्याच रांगेत येतात. मम्मीची कंबर ८६ भरली, तेव्हा टेप घाईघाईने परत खणात गेली.

आपल्या शहरातले ३४५ जण

पप्पा गच्चीबावलीतल्या एका कंपनीत सिस्टम सपोर्टला आहेत. आठवड्याआड रात्रपाळी असते. बसायची खुर्ची चांगली आहे, कँटीन चोवीस तास उघडं आहे, घरापासून ऑफिसापर्यंत कॅब आहे. दिवसभरात चालणं किती? पार्किंगपासून लिफ्टपर्यंत.

म्हणून २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचताना मला तो आमच्याच घराबद्दल आहे असं वाटलं. हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी डॉक्टरांच्या मदतीने इथल्या आयटी क्षेत्रातल्या ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यातल्या ८४ टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये वाजवीपेक्षा जास्त चरबी निघाली. ७१ टक्के लठ्ठ या गटात मोडत होते. म्हणजे त्या ऑफिसांमध्ये फॅटी लिव्हर नसलेला माणूस हाच अपवाद ठरत होता. देशभरातल्या अनेक अभ्यासांची एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये एकत्र मोजदाद केली, तेव्हा भारतातल्या प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ३८ टक्के निघालं होतं. त्याच्याशी ताडून पाहिलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. केंद्र सरकारने तर फेब्रुवारी २०२१ मध्येच मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला.

तासन्‌तास बसणं, रात्रपाळी, अपुरी झोप, कामाचा ताण आणि वेळी-अवेळी खाणं ही कारणं या नोकरीतच आहेत. आपलं शरीर रात्री साखर हाताळायला दिवसाइतकं तयार नसतं. रात्री दोन वाजता मागवलेली बिर्याणी आणि दुपारी एकला खाल्लेली बिर्याणी ताटात सारखीच दिसते, शरीरात नाही. झोप मोडली की भूकही वाढते आणि ती भूक पालेभाजीची नसते.

पण हे फक्त आयटीवाल्यांचं दुखणं समजू नका. पप्पांना रोज नेणारा कॅबचालक बारा तास गाडीत बसतो आणि दर फेरीनंतर चहा घेतो. रात्रीचा वॉचमन खुर्चीवर बसून थंड पेयाच्या बाटलीवर जागा राहतो. अशा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दुकानदार, ऑटोवाले, बँकेतले कारकून, सगळ्यांचं काम बसूनच आहे. फरक एवढाच की पप्पांना कंपनीने फुकट तपासलं. कॅबचालकाला कुणी तपासत नाही.

ग्रेड आणि स्टेज

रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १’ वाचून काही जण घाबरतात, काही जण ‘पहिलाच ग्रेड आहे, सगळ्यांनाच असतो’ म्हणून फाइल बंद करतात. डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट कागदावर लिहूनच दिली : ग्रेड म्हणजे चरबी किती, स्टेज म्हणजे वण किती.

सोनोग्राफीतला ग्रेड १, २ किंवा ३ फक्त चरबीबद्दल बोलतो. चरबी बरीच साठल्याशिवाय ती सोनोग्राफीत नीट दिसतही नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. काही लोकांत या चरबीमुळे लिव्हरला सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की जखम भरल्यावर त्वचेवर वण राहतो तसे लिव्हरमध्ये वण पडत जातात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या ० ते ४ अशा पायऱ्या असतात आणि चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. तिथे लिव्हर कडक आणि गाठाळ होतं. मग जलोदर, रक्ताच्या उलट्या, कधी कॅन्सर. आजोबा दारूच्या रस्त्याने जिथे पोचले, तिथे साखरेच्या आणि खुर्चीच्या रस्त्यानेही पोचता येतं. सगळे पोचत नाहीत. बहुतेकांचा आजार अलीकडेच थांबतो. पण आपण कोणत्या गटात आहोत ते न तपासता कळत नाही. आणि फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू लिव्हरने नव्हे, तर हृदयविकाराने होतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वण किती आहेत याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून येतो. ‘फिब-४’ नावाचा हिशेब आहे. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. एएसटी आणि एएलटी हे लिव्हरच्या तपासणीत येणारे दोन आकडे. पप्पांचं वय ४७, एएसटी ३८, एएलटी ५६, प्लेटलेट्स २,३०,०००. उत्तर आलं १.०४. १.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं, मधे असेल तर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करतात. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर हा हिशेब तितकासा भरवशाचा नाही. एएलटी नॉर्मल आहे म्हणून लिव्हर नॉर्मल आहे असंही नसतं. म्हणून हिशेब घरी केला तरी निष्कर्ष डॉक्टरांकडूनच घ्यावा. आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल त्याच वेळी तपासून घ्यावं.

चाळीस दिवस आणि त्यानंतर

या आजाराची सगळ्यांत चांगली बातमी मी शेवटी ठेवली आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर लिव्हर परत पहिल्यासारखं होऊ शकतं. वजन ५ टक्क्यांनी उतरलं तर लिव्हरमधली चरबी कमी होते. ७ टक्क्यांनी उतरलं तर सूजही कमी होण्याची बरीच शक्यता असते आणि १० टक्क्यांपर्यंत गेलं तर पडलेले वणसुद्धा सुधारू शकतात. पप्पांच्या ७६ किलोंसाठी हे आकडे म्हणजे साधारण ४, साडेपाच आणि साडेसात किलो. मात्र घाईने नाही. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन लिव्हरला उलट त्रास देतं.

औषधं आहेत का? सूज आणि मध्यम ते जास्त वण असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. पण ग्रेड १ वाल्यासाठी आजही चालणं आणि ताट हेच औषध. ‘लिव्हर डिटॉक्स’, ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांची गरज नाही. काही जडीबुटींनी तर लिव्हरला इजाच होते.

डॉक्टर मॅडमनी पप्पांना चार गोष्टी सांगितल्या. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालायचं, आणि बसल्या जागेवरून दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. साखर घातलेली पेयं बंद. ताटातला भात अर्धा करून ती जागा डाळ, भाजी, अंडी किंवा मासे यांना द्यायची. रात्रपाळीत मुख्य जेवण कामाला जाण्याआधी घरी, मध्यरात्री लागलंच तर फुटाणे किंवा ताक. बिनसाखरेची कॉफी चालेल असंही त्या म्हणाल्या, कारण कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे वण कमी दिसतात. यावर मात्र पप्पांनी तोंड वाकडं केलं. आयुष्यभर चहा पिणारा माणूस!

मग प्रायश्चित्तकाळ आला. आमच्याकडे दरवर्षी या चाळीस दिवसांत मटण बंद असतं आणि त्याची भरपाई बटाटेवडे, पुऱ्या आणि शिऱ्याने होते. त्याग करायचा, पण जिभेला कळू द्यायचा नाही! यंदा राखेच्या बुधवारी पप्पांनी जाहीर केलं, ‘मी चहातली साखर सोडतो.’ पहिला आठवडा त्यांची चिडचिड घरभर होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दुधाची गोडी कळायला लागली. ईस्टरला मम्मीने मुद्दाम गोड चहा केला, तर त्यांना तो घशाखाली उतरेना.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ईस्टरच्या आठवड्यात एक किलो परत आला. रात्रपाळी तशीच आहे, ती पप्पांच्या हातात नाही. पावसात चालणं बुडतं. पण आज वजन ७१.५ किलो आहे, कंबर ९२, आणि मागच्या महिन्यात एएलटी ३४ आला. अजून दोन सेंटिमीटर आणि थोडं वजन उतरायचं आहे. बिघडायला वीस वर्षं लागली, सहा महिन्यांत एवढं झालं हे कमी नाही.

मला मात्र अजून टोचतं ते ते चार महिने. पप्पांना लिव्हरची भीती कमी आणि आमच्या नजरेची जास्त होती. आम्ही तिघंही शिकलेले, तरी आमच्या डोक्यात लिव्हर म्हणजे दारू एवढंच समीकरण होतं. तो डबा घेताना मी वास घेतला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा लेख ते वाचतील, तेव्हा कळेल.

तुमच्या घरात कुणाच्या रिपोर्टवर ही ओळ आली असेल, तर आधी हे विचारा : दिवसाचे किती तास बसून असता? चहात साखर किती? झोप किती होते? साखर आणि बीपी शेवटचं कधी तपासलं? आणि शिलाईच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजा. स्वतःचीही मोजा. आपण विशीतले असलो म्हणून सुटत नाही. परीक्षेच्या दिवसांत मीही खुर्चीवरून फारशी हलत नाही, आणि कँटीनचा चहा किती गोड असतो ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.